चाकोरीबाहेरची गाडी आणि सड्यावरची बोटभर माती

'चाकोरीबाहेर' हा आपल्याकडं कौतुकाचा शब्द. अमक्याचं पोरगं चाकोरीबाहेर गेलं म्हटलं की बापाची मान ताठ होते. पण चाकोरी म्हणजे मुळात बैलगाडीच्या चाकांनी जमिनीत पडलेली खोल रेघ. जुन्या गाडीवानाला विचारा, चाकोरी सुटली की चाकाची लोखंडी धाव दगडावर आदळायची, बैल बिचकायचे, कधी गाडीच उलटायची. ती सोडण्यात कौतुक कसलं, ती सोडावी लागणं म्हणजे संकट. आता मात्र वीस लाखांची फोर बाय फोर गाडी मुद्दाम चाकोरी सोडण्यासाठी घेतली जाते आणि त्याला ऑफ-रोडिंग म्हणतात.

पाऊस लागला की दर शनिवार-रविवारी यवतेश्वरचा घाट, सज्जनगडावरून ठोसेघर-चाळकेवाडीकडं जाणारा रस्ता आणि पाटणच्या वरचं सडावाघापूर गाड्यांनी भरून जातं. त्यातल्या बहुतेक डांबरावरच थांबतात. माणसं खाली उतरतात, कणीस खातात, फोटो काढतात, परत जातात. त्यांच्याशी आपलं भांडण नाही. पण थोड्या गाड्या डांबर सोडून गवतात शिरतात, डबक्यातून पाणी उडवतात, आणि त्याचा व्हिडिओ रात्रीपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर येतो. खाली दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "यांच्या गाड्या जप्त करा." दुसरा म्हणतो, "जागा सरकारी आहे, तुमच्या बापाची नाही."

माझ्याकडंही मोटारसायकल आहे आणि कच्च्या रस्त्यावर ती चालवायला मला आवडतं. त्यामुळं हा लेख वन खात्याचं पत्रक म्हणून वाचू नका. भांडण 'गाडी की जंगल' असं मांडलं की ते सुटतच नाही. खरा प्रश्न कुठं, कधी आणि किती, एवढाच आहे, आणि त्याचं उत्तर कुणीतरी कागदावर लिहून द्यायला हवं. आज ते लिहिलेलं नाही, ही खरी अडचण.

सडा म्हणजे काय

आधी जमीन समजून घेऊ. सह्याद्रीच्या माथ्यावर जी सपाट, खडकाळ पठारं आहेत त्यांना आपल्याकडं सडा म्हणतात. सडावाघापूरच्या नावातच तो आहे. चांदोलीच्या जंगलात झोळंबीचा सडा आहे. कासचं पठार त्याच जातीचं. खाली जांभा दगडाचं कवच आणि वर माती, कुठं बोटभर, कुठं वीतभर, बऱ्याच ठिकाणी तीही नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीला 'पोटखराबा' म्हणतात. नांगर चालत नाही, म्हणून खराब. उन्हाळ्यात जाऊन पाहिलं तर शेरा बरोबरच वाटतो.

पण जूनचा पाऊस पडला की त्याच खराब जमिनीवर काय उगवतं पाहा. कासवर साडेआठशेहून जास्त जातींच्या फुलझाडांची नोंद आहे. त्यातला वायतुरा घ्या. दोन फाट्यांचा जांभळट तुरा असलेली ही पाणवनस्पती सड्यावरच्या उथळ डबक्यांत उगवते. तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, ॲपोनोजेटॉन साताराएन्सिस. सह्याद्रीच्या मोजक्या पठारांवरच ती सापडते. तिचा कंद उन्हाळाभर मातीत झोपून राहतो आणि पाणी साठलं की पानं काढतो. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला 'चिखलाचं डबकं' दिसतं, ते वायतुऱ्याचं अख्खं घर असतं. दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती तर किडे पकडून खातात, कारण या मातीत पोट भरेल असं फारसं काही नाहीच.

टोपली कारवीचं गणित आणखी वेगळं. ती साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते. सहाव्या वर्षी तिच्यावरून चाक गेलं, तर त्या जागेवरचा पुढचा बहर गेलाच.

कोयनेच्या खोऱ्यात एक छोटा भेक आहे, कोयना टोड. जगात तो फक्त याच भागात, सह्याद्रीच्या लहानशा पट्ट्यात आढळतो. पहिल्या पावसात साठलेल्या उथळ पाण्यात या कुळातले भेक अंडी घालतात. आता पुढचं बघा. गाडीच्या चाकानं पडलेल्या खड्ड्यातही असंच उथळ पाणी साठतं. तो नैसर्गिक आहे की टायरनं पाडलेला, हे मादीला काय कळणार? ती अंडी घालते, आणि पुढच्या रविवारी दुसरी गाडी येते.

या सगळ्यामुळं २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात महाराष्ट्रातल्या चार होत्या: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. चारांपैकी तीन जागा सातारा-सांगलीकडच्या. पोटखराब्याला मिळालेलं प्रशस्तिपत्रकच ते.

वाफसा नसताना ट्रॅक्टर घालतं का कोणी?

चाकानं नेमकं काय बिघडतं, हे वाळव्याच्या किंवा कराडच्या शेतकऱ्याला समजावण्याची गरज नाही. वाफसा म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असतं: रान फार ओलंही नाही, फार वाळलेलंही नाही, माती हातात घेतली तर भुसभुशीत सुटते, अशी स्थिती. वाफसा यायच्या आधी ट्रॅक्टर घातला की माती दबते. दोन ढेकळांमधली हवेची जागा मोडते, पाणी मुरायचं थांबतं, मुळं खाली जात नाहीत. उसाची भरलेली ट्रॉली ओल्या रानातून ओढली तर तिच्या चाकांचे पट्टे पुढच्या पिकातही ओळखू येतात. तिथला ऊस खुजा राहतो.

सड्यावर हीच गोष्ट दहापट वाईट होते. शेतात निदान खोल नांगरट करून ती चूक थोडी तरी दुरुस्त करता येते. सड्यावर नांगरणार कोण, आणि नांगरायला माती आहे कुठं? इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. त्यातून जून ते सप्टेंबर सड्याला वाफसा येतच नाही, तो सतत पाण्याखाली असतो. नेमक्या त्याच महिन्यांत आपल्याला तिथं जायचं असतं, कारण धुकं, धबधबे आणि फुलं तेव्हाच असतात. जमीन सगळ्यात नाजूक असते तेव्हा गर्दी सगळ्यात जास्त. सगळ्या भांडणाचं मूळ या योगायोगात आहे.

मी स्वतः हे करून बसलोय. काही वर्षांपूर्वी एका सड्यावर गवतातून शे-दीडशे पावलं गाडी नेली. मागचं चाक रुतलं, दोघांनी ढकलून काढली, हसलो, फोटो काढले. पुढच्या पावसाळ्यात तिथंच गेलो तर माझ्या चाकाची रेघ जागेवरच होती. आता तिच्यातून पाणी वाहत होतं. आधी ते पाणी गवतातून पसरून जायचं, आता त्याला मी वाट करून दिली होती. पाण्याला वाट मिळाली की ते वेग घेतं आणि वेग घेतलं की माती नेतं. घळ अशीच सुरू होते. कास तलावासारख्या ठिकाणी याचा संबंध थेट आपल्या घागरीशी येतो, कारण त्या तलावाचं पाणी सातारा शहर पितं.

आणखी दोन गोष्टी दिसत नाहीत म्हणून सुटतात. एक म्हणजे टायरच्या नक्षीत अडकलेला चिखल. त्यातून गाजरगवत, रानमोडी असल्या तणांचं बी फुकटात वर पोहोचतं. दुसरी गोष्ट आवाज. सायलेन्सर बदललेल्या मोटारसायकलचा आवाज दरीत शिरला की घुमत राहतो. जनावर पळून गेलं तर निदान कळतं तरी. बरीच जनावरं पळत नाहीत, नुसती मान वर करून उभी राहतात, चरणं थांबवतात, पिल्लाला आडोशाला नेतात. दिवसातून वीस वेळा असं झालं तर चरायचं कधी?

"सरकारी जमीन म्हणजे आपलीच ना?"

आपलीच. तहसील कचेरीही आपलीच असते, म्हणून रेकॉर्ड रूममध्ये कोणी मोटारसायकल नेत नाही.

वाड्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा: बाहेर अंगण, मग ओसरी, मग माजघर, सगळ्यात आत देवघर. अंगणात सायकल फिरवली तर आजी ओरडत नाही. देवघरात मात्र चप्पलही चालत नाही. सह्याद्रीतल्या जंगलाला कायद्यानं असेच थर आहेत.

देवघर म्हणजे गाभा क्षेत्र. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचं एकूण क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा सुमारे ६०० आणि उरलेला भाग बफर, म्हणजे भोवतालचा संरक्षक पट्टा. बफर ही आपली ओसरी. तिथं गावं आहेत, शेती आहे, गुरं आहेत. त्याच्याही बाहेर काही ठिकाणी पर्यावरण संवेदनशील क्षेत्र असतं, तिथं बांधकाम आणि उद्योगांवर अटी असतात. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून तसा आहे. हे झालं अंगण.

अभयारण्यात शिरायचं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २७ लागू होतं. आत कोण जाऊ शकतो, याची छोटीशी यादी त्यात आहे: सरकारी सेवक, आतले रहिवासी आणि जमीनधारक, परवाना घेतलेला माणूस आणि सार्वजनिक रस्त्यावरून पलीकडं जाणारा प्रवासी. या शेवटच्या शब्दांकडं नीट पाहा. रस्त्यावरून जाणाऱ्याला मोकळीक आहे. चाक रस्ता सोडून गवतात गेलं, की तो प्रवासी राहत नाही, बिनपरवाना घुसलेला होतो. अभयारण्य नसलेल्या राखीव जंगलालाही १९२७ चा भारतीय वन अधिनियम आहे, आणि त्याच्या कलम २६ खाली राखीव वनात अतिक्रमण करून शिरणं हाच गुन्हा.

इथं दोन प्रकारच्या बंद्यांची गल्लत होते. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि कड्यांवर जाण्यास मनाई करणारे जे आदेश जिल्हा प्रशासन काढतं, ते माणूस मरू नये म्हणून. वन कायद्याची बंदी जंगल मरू नये म्हणून. पहिली काही दिवसांनी उठते, दुसरी उठत नाही. "परवा तर बंदी उठली की" म्हणणारा बहुधा पहिलीबद्दल बोलत असतो.

आणि हो, सगळे सडे वन खात्याचे नाहीत. काही गायरान आहेत, काही मालकीचे. एकाच पठारावर पन्नास पावलांत मालक बदलतो आणि जमिनीवर तशी रेघ कुठंच नसते. गाडीवाल्याची ही अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही.

अमेरिकेत याच भांडणाचं काय झालं

आपल्याकडं ऑफ-रोडिंग नवीन, पण अमेरिकेत हे भांडण साठ वर्षं जुनं आहे. तिथं १९६४ मध्ये 'वाइल्डरनेस ॲक्ट' आला. वाइल्डरनेस म्हणजे माणसानं जशीच्या तशी सोडून द्यायची रानभूमी. या कायद्याखालच्या जमिनीत मोटार नाही, मोटारबोट नाही, सायकलसुद्धा नाही. वाटेवर झाड पडलं तर तिथले कर्मचारी सहसा यांत्रिक करवत न वापरता दोघांनी ओढायच्या करवतीनं ते कापतात. आज अशी जमीन साडेचार कोटी हेक्टरच्या आसपास आहे.

पण उरलेल्या सरकारी जंगलात गाड्यांचं काय? १९७२ मध्ये, आपला वन्यजीव कायदा आला त्याच वर्षी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला. सरकारी जमिनीवर अशा गाड्यांच्या वाटा ठरवताना माती, पाणी, झाडोरा, वन्यजीव आणि पायी फिरणारे लोक यांना कमीत कमी त्रास होईल असं पाहा. १९७७ मध्ये कार्टर यांनी त्याला दात बसवले: नुकसान दिसलं तर ती वाट ताबडतोब बंद करा. तरीही बऱ्याच जंगलांत जुनीच रीत चालू राहिली, बंदीची पाटी नसेल तिथं सगळं खुलं. माणसं गवतातून जात, मागचा त्याच रेघेवरून जाई, आणि दोन वर्षांत तिथं 'रस्ता' तयार होई.

२००५ मध्ये तिथल्या वनसेवेनं ही रीत उलटी केली. जे नकाशावर खुलं दाखवलंय तेवढंच खुलं, बाकी सगळं बंद. प्रत्येक जंगलाचा नकाशा फुकट मिळतो. कोणत्या वाटेवर कोणती गाडी चालेल आणि वर्षाच्या कोणत्या तारखांना, हे त्यावर छापलेलं असतं. पाटी नव्हती ही सबब चालत नाही, नकाशा पाहणं चालवणाऱ्याचं काम. यानं भांडणं संपली असं नाही. दोन्ही बाजू कोर्टात जातच असतात. पण आता भांडण 'ही अमुक वाट खुली असावी का' एवढ्यावर आलं, आणि अशा भांडणाचा निकाल तरी लागू शकतो.

हे जसंच्या तसं उचलून आणता येणार नाही. त्यांच्या रानभूमीच्या कल्पनेत माणूस हा पाहुणा आहे. आपल्या सह्याद्रीत धनगरवाडे आहेत, देवराया आहेत, वर्षानुवर्षं चालत आलेल्या पायवाटा आहेत, आणि २००६ चा वनहक्क कायदाही आहे. शिवाय कोयनेच्या आणि वारणेच्या धरणांसाठी, पुढं जंगलासाठी, गावंच्या गावं उठली. ज्यांनी घरं सोडली त्यांच्या जुन्या वाटांवर शहरातल्या गाड्यांची मौज चालणार असेल, तर त्याला संतुलन म्हणता येणार नाही. मला तिथली ती उलटी केलेली रीत तेवढी घ्यावीशी वाटते.

"एका गाडीनं काय होतंय?"

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न, आणि उत्तर सगळ्यात अनपेक्षित. आपल्याला वाटतं, शंभर गाड्या गेल्या तर शंभरपट नुकसान, एक गेली तर शंभरावा हिस्सा. तसं होत नाही. ताज्या, न दबलेल्या जमिनीचं सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होतं. त्यानंतर माती आधीच दबलेली असते, पुढच्या गाड्या त्यात थोडीच भर घालतात. पांढऱ्या धोतरावर चहाचा पहिला थेंब पडतो, तसं.

याचा व्यावहारिक अर्थ फार महत्त्वाचा आहे. शंभर गाड्या एकाच ठरलेल्या वाटेनं गेल्या तर एक वाट खराब होते. शंभर गाड्या 'आपण नवीन जागा शोधू' म्हणत शंभर बाजूंनी गेल्या तर अख्खा सडा जातो. म्हणजे गर्दी टाळून एकांतात गाडी नेणारा, स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवणारा माणूस, गर्दीच्या वाटेवरच्या माणसापेक्षा जास्त नुकसान करू शकतो. मला हे पटायला वेळ लागला.

"गुरं चरतात, बैलगाड्या जायच्या, तेव्हा कुठं होता?"

बैलगाडी चाकोरीतून जायची, या शब्दातच उत्तर आहे. पिढ्यानपिढ्या तीच रेघ. कामापुरती जायची, आणि ऐन पावसात गाडीवान माळावर गाडी घालत नसे, कारण रुतली तर काढणार कोण. गुरांचं म्हणाल तर अति चराईनं नुकसान होतंच. पण सड्यावरचं गवत आणि त्यातली फुलं चराईसोबतच वाढलेली आहेत, म्हैस आणि मोटार एका तराजूत घालता येत नाहीत. म्हैस शेण टाकते, ते जिरतं.

"पवनचक्क्या चालतात, रिसॉर्ट चालतात, आम्हीच नडतो?"

या आक्षेपाला माझ्याकडं खोडून काढणारं उत्तर नाही, कारण त्यात तथ्य आहे. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर नव्वदच्या दशकापासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी रस्ते झाले, सडा फोडला गेला. डोंगरउतारावर बांधकामं वाढताहेत, ती सगळ्यांना दिसतात. मोटारसायकलवाल्या पोराकडून दंड घ्यायचा आणि डोंगर कापणाऱ्याकडं बघायचं नाही, हे लोकांना खटकतं, आणि खटकायलाच हवं. पण शेजाऱ्यानं बांध कोरला म्हणून आपणही कोरला, तर रान कुणाचंच उरत नाही.

"म्हाताऱ्यांनी, अपंगांनी मग बघायचंच नाही?"

बघायचं, आणि त्यांच्यासाठी गाडी लागणारच. कासला हंगामात दिवसाला ३००० माणसांची मर्यादा ठरवली, नोंदणी ऑनलाइन केली, गाड्या लांब उभ्या करून पुढं बसनं नेण्याची सोय केली, आणि व्यवस्थेत गावकऱ्यांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती आली. त्रुटी आहेत, रविवारी रांगेत उभं राहून लोक वैतागतात. तरी रस्त्यावरून फुलं दिसतात आणि चाक सड्यावर जात नाही. अमेरिकेतही रानभूमीत मोटारीला बंदी असली तरी चाकाच्या खुर्चीला आहे, असं कुणी समजू नये. १९९० च्या कायद्यानं तिथं ही खुर्ची स्पष्टपणे मान्य केली आहे.

याहून जुनं उदाहरण कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्याचं. बामणोलीहून मोटारलाँच शिवसागर जलाशय ओलांडून पायथ्याला नेते. तिथं वन खात्याकडं नोंद होते, पुढं सगळे पायी. संध्याकाळच्या आत परत, मुक्काम नाही, पावसाळ्यात बंद. मोटार आहे, पण काठापर्यंत. बोटवाल्यांचं पोट चालतं, वाटाड्याला काम मिळतं, आणि नागेश्वराच्या वाटेवर अजून एकही हॉर्न वाजलेला नाही.

"इलेक्ट्रिक गाडी नेली तर?"

आवाज गेला, धूर गेला. वजन नाही गेलं. बॅटरीमुळं ते उलट वाढतंच. ठरलेल्या रस्त्यावर, सफारीला, जरूर इलेक्ट्रिक आणा. सड्यावर टायर तो टायरच.

"मग तिकडं माणदेशात न्या ना, ओसाडच आहे"

हा तोडगा अनेक जण सुचवतात आणि मला त्याची सगळ्यात जास्त भीती वाटते. माण, खटाव, आटपाडी, जत इथली माळरानं पाहून 'इथं काय आहे' असं वाटतं. तिथं लांडगा आहे. टिटवी, चंडोल, धाविक हे पक्षी तिथं उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि ती अंडी खड्यांसारखी दिसतात म्हणूनच वाचतात. टायरला अंडं आणि खडा यातला फरक कळत नाही. पश्चिमेकडच्या पोटखराब्याची चूक कळायला युनेस्को यावं लागलं. पूर्वेकडं तीच चूक कशाला?

नुसती बंदी का पुरत नाही

बैलगाडा शर्यतींचं आठवा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्या थांबल्या. सातारा-सांगलीत खरंच थांबल्या होत्या का? भल्या पहाटे, आडरानात, चोरून व्हायच्या, आणि तिथं ना डॉक्टर असायचा ना नियम. २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा कायम ठेवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, ठरलेलं मैदान, ठरलेलं अंतर. प्राण्यांना पळवावं की नाही हा वाद वेगळा. त्यातलं एकच सांगायचंय: हौस होती तिथंच राहिली, तिला मैदान मिळालं तेव्हा ती उजेडात आली.

गाडीवाल्या पोरांना आज प्रत्येक पाटी 'इथं नाही' म्हणते. 'मग कुठं?' याला उत्तर देणारी एकही पाटी मी आजवर पाहिलेली नाही. म्हणून ती पहाटे जातात, पाटी नसलेला सडा शोधतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे नेमकी न दबलेली जमीन पहिल्यांदा दाबतात.

आणि वेळ महत्त्वाची आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्याहून एक वाघीण चांदोलीत आणली गेली, आणखी वाघ आणायचं ठरलंय. वाघ गाभ्याची हद्द वाचत नाही. तो ओसरीतही येणार, आणि ओसरीतल्याच वाटा आज कुणाच्या हिशेबात नाहीत.

नकाशा काढायचा कुणी?

वन खात्यानं एकट्यानं काढला तर त्यात सगळं बंद दिसेल. गाडीवाल्यांच्या क्लबनं काढला तर सगळं खुलं. ग्रामसभा, वन आणि महसूल खातं, आणि सड्यावरचं झाड न् झाड ओळखणारे वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक एका टेबलावर बसले, तर एका तालुक्याचं काम एका उन्हाळ्यात होण्यासारखं आहे. बंद पडलेल्या दगडखाणी आणि क्रशरच्या जागा आपल्याकडं थोड्या नाहीत. चढ, उतार, चिखल, सगळं आहे, आणि तिथं बिघडवायला काही उरलेलं नाही. गावानं तिथं तिकीट लावावं, चहाची टपरी टाकावी. जून ते ऑक्टोबर सडे चाकांना पूर्ण बंद, त्यानंतर फक्त आखलेल्या वाटा. पहिल्या वर्षी दोनच वाटा निघाल्या तरी चालतील.

आणि सुरुवात कुठून करायची याचाही फार शोध घ्यायला नको. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांसाठी केलेले रस्ते आहेतच. माती तिथं कधीच दबून गेली आहे. ते ज्यांचे आहेत त्यांना विचारून पहिली रेघ त्या रस्त्यांवरूनच ओढता येईल.